खंजिरीवर घडलेला कवी



'आपल्या भागाच्या इतिहासातले काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला. इतिहास म्हटला की आपल्याकडे चांद्याचे गोंड राजे किंवा वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे नाव निघते. मी मात्र ज्यांच्या ओळी आपण शाळेच्या परिपाठात रोज म्हणत होतो, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांविषयी लिहायचे ठरवले. त्यांच्या संतपणाबद्दल अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते गाणी रचणाऱ्या माणसाबद्दल. शाळा लवकर सुटलेल्या एका खेड्यातल्या मुलाने गाणे कसे उचलले, स्वतःचे गाणे कसे बांधले, आणि ते गाणे त्याच्या पश्चातही आपल्यासारख्या हजारो मुलांच्या तोंडी कसे राहिले, एवढाच या लेखाचा विषय.

फोटोतले महाराज आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्याआधीचा माणिक १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मला. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरी गरिबी. शाळा प्राथमिक वर्गातच सुटली. पण तेव्हाच्या वऱ्हाडात शाळेबाहेरही एक शाळा रोज रात्री भरत असे. शेतातून आलेली माणसे जेवणे उरकून मारुतीच्या पारावर बसत. एकतारी, टाळ आणि खंजिरी एवढी सामग्री पुरे. नामदेव, तुकाराम, कबीर यांची पदे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नसे, पण दीडदोनशे पदे सहज पाठ असत. मुले कडेला बसून ऐकता ऐकता केव्हा टाळ धरू लागत, ते कोणाच्या लक्षातही येत नसे. माणिकचे संगीताचे शिक्षण हेच. तो घराण्यात शिकला नाही, कोणत्या उस्तादाचा गंडाही त्याने बांधला नाही.

लहानपणीच तो वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात आला आणि त्यांना त्याने गुरू मानले. 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलेले. भजन म्हणून भाकरीच्या तुकड्यावर राहणारा मुलगा, असा त्या नावाचा अर्थ लोक सांगतात. पुढे हेच नाव त्याची काव्यमुद्रा झाले. जुन्या संतांच्या अभंगांत शेवटी 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' येते, तसे यांच्या पदांच्या शेवटच्या कडव्यात 'तुकड्या' किंवा 'तुकड्यादास' येतो. छापखाना लांब आणि गाणे तोंडोतोंडी फिरणार, अशा काळात पद कोणाचे हे टिकवण्याचा हा साधा उपाय होता. पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटले तर लेखकाचे नाव जाते. मुद्रा पदातच गुंफलेली असल्याने पद जिथे जाईल तिथे नावही जाते.

तरुणपणी काही वर्षे त्यांनी रामटेक, सालबर्डी, रामदिघी इथल्या रानांत काढली. तिथून ते गावोगावी फिरू लागले तेव्हा हातात खंजिरी होती. ही निवड मला महत्त्वाची वाटते. पेटी, तबला, तंबोरा यांना बैलगाडी लागते, साथीदार लागतात. खंजिरी म्हणजे एक लाकडी कडे, एका बाजूला ताणून बसवलेले कातडे आणि कडेला खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. पावसाळ्यात कातडे ढिले पडले की विस्तवाजवळ धरून शेकायचे, की पुन्हा बोलू लागते. एका हातात मावणारे हे वाद्य ताल धरते, झांजेचे काम करते आणि गाणाऱ्याचा गळा मोकळा ठेवते. एकटा माणूस पायी चालत जाऊन कोणत्याही गावात उभा राहावा आणि घटकाभरात माणसे जमावीत, यासाठी याहून सोयीचे वाद्य नाही. महाराजांची खंजिरी ऐकलेली म्हातारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. महाराजांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या बोटांचे वर्णन ती अधिक करत.

आता गाण्याच्या बांधणीकडे येऊ. महाराजांच्या भजनांचे जुने पुस्तक कोणाच्या घरी असेल तर उघडून पाहा. पुष्कळ पदांच्या वर कंसात 'तर्ज' दिलेली असते. हे पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे, असा त्याचा अर्थ. लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर नवे शब्द ठेवायचे. ऐकणाऱ्याला चाल शिकावी लागत नाही, त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते. शहरी समीक्षेत अशा रचनेला फारसा मान नाही, कारण तिथे चालीचे नवेपण मोजले जाते. महाराजांना नवे शब्द लवकरात लवकर माणसांच्या तोंडी जायला हवे होते.

दुसरी गोष्ट ध्रुपदाची. धृपद छोटे, दोन दमांत म्हणून होईल एवढे. प्रत्येक कडव्यानंतर ते परत येते आणि मागची मंडळी ते उचलतात. मुख्य गायकाला दम घ्यायला वेळ मिळतो आणि बसलेला माणूस नुसता श्रोता राहत नाही. तीन-चार वेळा म्हटले की ध्रुपद पाठ होते, आणि घरी जाताना तेच ओठांवर राहते. कडवी बहुधा मोजकी. भाषा बाजारात, शेतात, ओट्यावर बोलली जाणारी. तीही एक नव्हे, दोन. मराठीइतकीच सहज रचना त्यांनी हिंदीत केली. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. नागपूर राजधानी, आणि प्रांत निम्मा हिंदी बोलणारा. सालबर्डीचा डोंगर ओलांडला की बैतूल लागते. फिरत्या गायकाला दोन्हीकडे कळेल असे बोलावेच लागले असणार. दोन्ही भाषांतली मिळून त्यांची भजने तीन हजारांच्या वर आहेत.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात वीसेक वर्षे काढली आहेत. आमच्याकडे एखादे काम चांगले झाले की नाही याची एक कसोटी असते: करणारा माणूस निघून गेल्यावरही ते दुसऱ्यांना चालवता येते का? महाराजांची भजने या कसोटीला उतरतात. ओळखीची चाल, लहान ध्रुपद, साधे शब्द आणि हातभर वाद्य एवढ्यावर ती उभी असल्याने कोणत्याही गावातली चार माणसे ती महाराजांशिवाय म्हणू शकत होती.

याचा प्रत्यय १९४२ साली आला. तोवर त्यांच्या गाण्याचा आशयही बदलत गेला होता. सुरुवातीच्या भक्तिपदांच्या जोडीला गावची घाण, दारू, अस्पृश्यता, हुंडा, भाऊबंदकी हे विषय आले होते. १९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी भरवलेल्या महायज्ञाला लाखोंचा समुदाय जमला. १९३६ मध्ये गांधीजी नुकतेच सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले होते. त्यांच्या निमंत्रणावरून महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले. स्वातंत्र्याचा विषय भजनात येणे मग ओघानेच झाले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी इथे लोक उठले. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. त्या भागात महाराजांची भजने घरोघर म्हटली जात होती. २८ ऑगस्टला सरकारने त्यांना चांद्यात अटक केली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. २ डिसेंबरला ते सुटले.

जवळजवळ शंभर दिवस एका भजन म्हणणाऱ्याला कोंडून ठेवावे असे सरकारला वाटले, यातच त्या गाण्याची ताकद कळते. पण गायक तुरुंगात असला तरी गाणे बाहेरच होते. ते गावोगावच्या भजनी मंडळांना पाठ होते.

पुढची वाटचाल बहुतेकांना माहीत आहे. मोझरीचा गुरुकुंज आश्रम आधीपासूनच होता, आता गावोगावची गुरुदेव सेवा मंडळे उभी राहिली. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेत त्यांनी खंजिरीवर भजन म्हटले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना 'राष्ट्रसंत' म्हणून गौरवले. रचनेच्या दृष्टीने मात्र 'ग्रामगीता' आणि सामुदायिक प्रार्थना या दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात. गावाचा कारभार, शेती, आरोग्य, स्त्रियांचे स्थान, शिक्षण हे विषय सविस्तर मांडायला तीन कडव्यांचे पद पुरेना. तेव्हा त्यांनी ओवी घेतली. ज्ञानेश्वरीची ओवी, जात्यावरची ओवी, म्हणजे पुन्हा लोकांच्या कानातलीच चाल. ग्रामगीतेचे एक्केचाळीस अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत, आणि एकाने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे अशा बैठकीसाठी ती सोयीची आहे. सामुदायिक प्रार्थनेत तर मुख्य गायकच उरला नाही. सगळ्यांनी रांगेत बसायचे आणि सगळ्यांनी म्हणायचे. पारावर एकट्याने सुरू केलेले गाणे शेवटी सगळ्यांच्या स्वाधीन झाले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. प्रार्थना दुसऱ्या दिवशीही झाली, आजही होते. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. माझ्या अभियांत्रिकीच्या पदवीपत्रावर अजून जुनेच नाव आहे.

आता आपल्या झरी जामणीकडे येते, कारण हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण इथे आहे.

आपल्या वर्गात किती भाषा होत्या ते आठवा. वऱ्हाडी तर होतीच. पैनगंगेपलीकडच्या नात्यागोत्यामुळे तेलुगू होती. गोंडी होती. आणि पोडावरून येणाऱ्या मुलामुलींची कोलामी होती. पहिलीत आलेल्या कोलाम मुलाला गुरुजींचे निम्मे बोलणे कळत नसे. पुस्तक त्याला परके होते, पण प्रार्थना तो चौथ्या-पाचव्या दिवसापासून आपल्याबरोबर म्हणू लागे. शब्दांचा अर्थ मागाहून कळे. ठेका आणि परत येणारी ओळ त्याला आत घेई. आपल्यातल्या काही जणांनी मराठीची पहिली वाक्ये अशी गाण्यातून उचलली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी पारावर बसलेल्या निरक्षर शेतकऱ्यासाठी बांधलेले गाणे आपल्या वर्गातही त्याच कामी आले.

पण ही देवाणघेवाण एकाच बाजूने झाली. त्या मुलांच्या घरीही गाणी होती. दिवाळीत दंडार निघे, ढेमसा नाचला जाई, ढोलाचा आवाज पोडावरून शाळेपर्यंत येई. गोंडांच्या वंशकथा किंगरीवर गाऊन सांगणारे परधान तर आपल्या भागाचे जुने इतिहासकारच. ती गाणीही त्याच रीतीने बांधलेली आहेत: ठेका, परत येणारी ओळ, सगळ्यांचा आवाज. फरक इतकाच की महाराजांना मंडळे मिळाली, छापलेली पुस्तके मिळाली. कोलामीला स्वतःची लिपी नाही. तिच्यावरचा मोठा अभ्यास एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचा. तो १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोलीवर आधारलेला आहे. आपल्या पोडावरची गाणी ज्यांना पाठ आहेत ती माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. घरातली नातवंडे मराठी बोलतात आणि मोबाइलवर हिंदी गाणी ऐकतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण म्हणणारे मंडळ नसेल आणि लिहून ठेवलेला कागदही नसेल, तर गाणे एका पिढीत जाते.

म्हणून एक विनंती. आपल्या वर्गातले जे कोलाम आणि गोंड मित्र-मैत्रिणी आहेत, त्यांनी यंदा दिवाळीला घरच्या वडीलधाऱ्यांना बसते करावे. बाकीच्यांनी सोबत जावे, पण विचारून. गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. कोणी म्हटले, कोणत्या पोडावर, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे लगेच लिहावे. शब्द देवनागरीत उतरवून त्यांचा मराठी अर्थ म्हणणाऱ्याकडूनच घ्यावा. एखादे गाणे बाहेर ऐकवायचे नसते असे त्यांनी सांगितले, तर ते तिथेच ठेवावे. जमलेले सारे नीट लावून त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणि एक त्या त्या घरी पोचवण्याचे काम मी करीन, ते माझ्या रोजच्या कामातलेच आहे.

पुढच्या मेळाव्यापर्यंत वीस गाणी जमली तरी पुरे. त्या वेळी परिपाठाला आपली नेहमीची प्रार्थना झाल्यावर त्यांतले एखादे ध्रुपद आपण सगळ्यांनी मिळून म्हणू. शिकवायला आपल्यातलेच कोणीतरी पुढे उभे असेल.