मुखातील ऊती आणि मूत्रमार्गाची पुनर्रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : इजा, जंतुसंसर्ग अथवा त्वचाविकार यांमुळे पुरुषाचा मूत्रमार्ग आकुंचन पावतो. आकुंचन लांब असल्यास मार्ग नव्याने घडवावा लागतो व त्यासाठी गालाच्या आतील अस्तर वापरले जाते. या शस्त्रक्रियेचा इतिहास मुखारोग्याच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही, हे दर्शविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एका जागची ऊती दुसरीकडे बसविण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याकडील एका स्थानिक वैद्याने कपाळाच्या त्वचेतून घडविले. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने छापला. तेथे त्वचेचा देठ व रक्तपुरवठा कायम होता. मुखातील ऊती मात्र पूर्णतः सुटी केली जाते. पहिले दोन दिवस ती नव्या जागी पाझरणाऱ्या द्रवावर जगते व नंतर तिच्यात केशवाहिन्या जोडल्या जातात.

मूत्रमार्गासाठी या ऊतीचा वापर १८९४ मध्ये रशियन साम्राज्यातील सापेझ्को यांनी केला. १९४१ मध्ये इंग्लंडमधील हंबी यांनी जन्मजात दोषासाठी ती वापरली. १९९२ नंतर तिचा प्रसार झाला. ओलाव्याची सवय, जाड बाह्यस्तर, केसांचा अभाव व विपुल केशवाहिन्या हे तिचे गुण होत. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी व इटलीतील बार्बाग्ली आदींनी २००९ मध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीत दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या व चेता अबाधित राहतात.

मुखारोग्याचा प्रश्न : शस्त्रक्रिया प्रगत होत असताना तिचा आधार मात्र क्षीण होत होता. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये वर्णिलेल्या मुखाच्या तंतुमय विकाराचे प्रमुख कारण सुपारी आहे. त्यात अस्तर ताठर होते, रक्तपुरवठा घटतो व तोंड पुरेसे उघडत नाही. अशा गालातून ऊती घेणे कठीण ठरते. तंबाखू सेवन करणाऱ्यांना ऊती घेतलेल्या जागी अधिक त्रास होतो, असे लखनौ येथील २००९ च्या अभ्यासात आढळले. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली व २०१२ मध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली.

समारोप : नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूत्रमार्गाच्या रुग्णास पुढे पाठविण्यापूर्वी त्याचे तोंड तपासणे व सुपारी-तंबाखूची विचारणा करणे येथे खर्चाविना शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून इतर महाविद्यालयांनाही या कामी हातभार लावता येईल. विशीत सुपारीने ताठरलेला गाल पन्नाशीत मूत्रमार्गाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून मुखारोग्य हा केवळ दंतवैद्यकाचा विषय मानणे योग्य नव्हे.