चाकांची संख्या आणि कायद्याची व्याख्या : ब्रिटनमधील तीनचाकी मोटारी

तीनचाकी मोटार म्हणजे चारचाकी मोटारीची अपूर्ण अवस्था, असा सर्वसाधारण समज आढळतो. आरंभकाळापुरता तो ग्राह्य आहे. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या मोटारीस तीनच चाके होती. कारण पुढील दोन चाके एकाच वेळी योग्य रीतीने वळविण्याचा प्रश्न त्यांना समाधानकारकपणे सुटलेला नव्हता. १८९३ मध्ये तो सुटल्यावर त्यांनी चारचाकी रचना स्वीकारली. ब्रिटनमध्ये मात्र त्यानंतरही शंभर वर्षे तीनचाकी मोटारी बनत राहिल्या. याचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा कायद्यात अधिक सापडते.

तीनचाकींच्या रचनेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पुढे दोन व मागे एक चाक असते. दुसऱ्यात, आपल्याकडील ऑटोरिक्षाप्रमाणे, पुढे एक व मागे दोन. वळणावर ब्रेक लावला असता भार पुढे व बाहेरच्या बाजूस सरकतो. पुढे दोन चाके असल्यास हा भार रुंद आधारावर येतो. एकच असल्यास वाहन कलंडण्याचा संभव वाढतो. उलटपक्षी, दुसऱ्या प्रकारात सुकाणू यंत्रणा सोपी होते आणि मागे माल व प्रवाशांसाठी जागा मिळते.

एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये पहिल्या प्रकारचे वाहन तयार केले. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारींवर अश्वशक्तीनुसार, दर अश्वशक्तीस १ पौंड याप्रमाणे वार्षिक कर लागू झाला. ८ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ४०६ किलोग्रॅम, वजनमर्यादेतील तीनचाकीस मात्र केवळ ४ पौंड कर होता. त्यामुळे वजन हाच रचनेचा नियामक घटक बनला. १९३५ मध्ये टॅमवर्थ येथे सुरू झालेल्या रिलायंट कंपनीने आरंभी मालवाहू तीनचाकी बनविली. पुढे रीगल (१९५३) व रॉबिन (१९७३) या तिच्या मोटारींतही एकच पुढील चाक कायम राहिले. हलके फायबरग्लासचे कवच वजनमर्यादा पाळण्यास उपयोगी पडले. मोटारसायकलचा परवाना असणाऱ्यास हे वाहन चालविता येई; अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास छप्पर असलेले वाहन त्यामुळेच आवाक्यात आले. स्थैर्यातील उणीव ही या सवलतीची किंमत होती.

बीएमडब्ल्यूच्या इसेट्टा मोटारीस जर्मनीत मागे अगदी जवळजवळ बसविलेली दोन चाके होती. १९५७ पासून ब्रायटन येथे तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा ब्रिटिश ग्राहकांसाठी मागे एकच चाक असलेली आवृत्ती काढण्यात आली. येथे चाक कमी होण्यामागे करसवलत व परवाना हेच प्रयोजन होते.

हीच प्रक्रिया अलीकडेही दिसते. युरोपीय नियमांनुसार एकाच आसावरील दोन चाकांतील अंतर ४६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास ती एकच चाक गणली जातात. पियाज्जिओने २००६ मध्ये आणलेल्या एमपी३ या झुकणाऱ्या तीनचाकी स्कूटरच्या पुढील चाकांतील अंतर नंतरच्या एका आवृत्तीत ४६५ मिलिमीटर केले. अवघ्या काही मिलिमीटरांनी वाहनाचा वर्ग बदलला आणि अनेक देशांत ते मोटारीच्या परवान्यावर चालविता येऊ लागले.

सारांश, वर्गीकरण हे तयार वाहनास मागाहून दिलेले केवळ नाव नसते. ते आराखड्यावरही प्रभाव टाकते. म्हणून वाहनांची व्याख्या ठरविताना कर व परवान्याइतकाच, त्या व्याख्येतून घडणाऱ्या वाहनात बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार होणे आवश्यक ठरते.