सनद कुठे आहे? माहुलीचा किल्ला, हदीसची परंपरा आणि संदर्भांचा हिशेब

कसाऱ्याच्या लोकलने निघालं की आसनगाव सोडल्यावर डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. पुढे आटगाव, थानसित, खर्डी, उंबरमाळी आणि मग कसारा. शहापूर तालुक्यातला हा टापू आज मुंबईकरांना धरणांमुळे आणि पावसाळी सहलींमुळे ठाऊक आहे. दख्खनच्या इतिहासात मात्र त्याची नोंद एका सल्तनतीच्या अखेरीसाठी आहे. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेलं. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं कारभार हाकला. मे १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूरच्या आदिलशहाचा तह झाला आणि शहाजीराजे एकटे पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना माहुलीवर वेढा पडला. एका बाजूला मोगल सरदार खानजमान, दुसऱ्या बाजूला आदिलशाहीचा रणदुल्लाखान. शेवटी मुर्तजा निजामशहाला मोगलांच्या स्वाधीन करावं लागलं, त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. अहमदनगरची निजामशाही इथे संपली.

इतकं वाचून जागरूक वाचकाने विचारायला हवं, की हे कशावरून?

प्रश्न साधा आहे, पण माहुलीबद्दल इंटरनेटवर जे लिहिलं जातं त्याला तो विचारून पाहा. वेढ्याच्या काळात जिजाऊ आणि बाल शिवाजी याच किल्ल्यावर होते, असं अनेक पानांवर ठामपणे लिहिलेलं आढळतं. वाक्यरचनाही जवळजवळ तीच असते, कारण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उचललेलं असतं. हा मजकूर कुठल्या साधनातून आला, ते मात्र अशा बहुतेक पानांवर लिहिलेलं नसतं. पन्नास पानांवर एकच वाक्य दिसलं म्हणजे पन्नास पुरावे झाले, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात पुरावा एक असतो किंवा एकही नसतो.

शब्द आपल्याच घरातले

मराठीत पुराव्यासाठी वापरले जाणारे शब्द पाहिले तर गंमत वाटते. दाखला, हवाला, सनद, अस्सल, नक्कल, दफ्तर हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. इतिहाससंशोधक ज्याला ‘अस्सल साधन’ म्हणतात त्यातला ‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’, म्हणजे मूळ. मराठीत सनद म्हणजे वतनाचा किंवा हक्काचा कागद. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, ज्याच्यावर टेकता येतं तो आधार.

प्रेषितांचं एखादं वचन सांगताना ते कोणाकडून ऐकलं, त्याने कोणाकडून ऐकलं, अशी प्रत्येक कडी नावानिशी सांगण्याची रीत हिजरी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातच रुजली. याला इस्नाद म्हणतात. इमाम बुखारी (८१०–८७०) यांच्या संग्रहात प्रत्येक हदीसच्या आधी ही साखळी येते. पण मुहद्दिसांचं खरं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. खोटी हदीस रचणारा खोटी साखळीही रचू शकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून साखळीतल्या माणसांची चौकशी करणारं वेगळं शास्त्र उभं राहिलं, ते अस्मा-उर-रिजाल. हा माणूस कधी जन्मला, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकल्याचं सांगतो त्याला तो भेटू शकत होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का, अशी ही तपासणी असे. जी रचलेली निघाली तिच्यावर ‘मौजू’ असा शिक्का बसला, मग तिचा आशय कितीही चांगला असो.

इतिहासलेखनातही ही शिस्त उतरली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या मुहम्मद कासिम फरिश्ताने आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आपण कोणते ग्रंथ वापरले त्यांची यादी दिली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, आपल्याच दख्खनमध्ये लिहिलेली ही संदर्भसूची आहे. त्याच्याही आधी १३७७ मध्ये इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त सांगितलं, की नुसता हवाला पुरेसा नसतो, सांगितलेली गोष्ट शक्य होती का तेही तपासावं लागतं. त्यासाठी त्याने मसऊदीसारख्या नामांकित इतिहासकाराचं उदाहरण घेतलं. मसऊदीने मूसांच्या सैन्याचा आकडा सहा लाखांहून जास्त दिला होता. एवढं सैन्य त्या मुलखात मावलं असतं का, पोसलं गेलं असतं का, एका रणांगणावर लढू शकलं असतं का, असे प्रश्न विचारून इब्न खल्दूनने तो आकडा नाकारला.

आपल्याकडचा आकडा

आता आपल्याकडे वळू. शिवाजी महाराजांच्या सैन्यात पस्तीस टक्के मुसलमान होते, हे वाक्य आपल्या सभांमध्ये, पोस्टरांवर आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतं आहे. हेतू चांगला आहे. द्वेषाला उत्तर द्यायचं आहे. पण टक्केवारी काढायला दोन आकडे लागतात, एकूण सैनिक किती आणि त्यांत मुसलमान किती. हे दोन्ही कुठल्या कागदातून घेतले, ते त्या पोस्टरवर नसतं. इब्न खल्दूनसमोर हे पोस्टर ठेवलं असतं तर त्याने काय केलं असतं, ते सांगायला नको.

वाईट याचं वाटतं, की ज्याला सनद आहे ते आपण मागे ठेवतो. सभासदाची बखर महाराजांच्या पश्चात वीसेक वर्षांच्या आत, जिंजीला लिहिली गेली. लिहिणारा महाराजांच्याच पदरचा होता. तिच्यात आरमाराच्या प्रमुखांमध्ये दर्या सारंग या मुसलमान सुभेदाराचं नाव मायनाक भंडाऱ्याबरोबर येतं. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईतला दौलतखान इंग्रजांच्या कागदपत्रांत सापडतो. काझी हैदर हा महाराजांचा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा मुनशी होता. या तीन नावांना कोणी आव्हान दिलं तर पान उघडून दाखवता येतं. पस्तीस टक्क्यांना कोणी आव्हान दिलं तर आपण गप्प बसतो, आणि मग ऐकणारा त्या तीन खऱ्या नावांवरही विश्वास ठेवत नाही. निराधार दाव्याने होणारं हे खरं नुकसान.

दुसऱ्या बाजूलाही हेच लागू आहे. मध्ययुगीन मुस्लिम सत्तांच्या क्रौर्याचे जे उतारे आज फिरतात त्यांतले बरेचसे एलियट आणि डाउसन यांच्या आठ खंडांतून आलेले असतात. फारसी ग्रंथांतले निवडक उतारे इंग्रजीत आणणारा हा संग्रह १८६७ ते १८७७ या काळात निघाला. हेन्री एलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी. मुस्लिम राजवटींशी तुलना करून इंग्रजी राज्याचे फायदे हिंदी लोकांना कळावेत, हा हेतू त्याने १८४९ च्या प्रस्तावनेत लपवला नव्हता. निवड त्याची, भाषांतर त्याच्या मंडळींचं. त्यातल्या चुका दाखवायला शापूरशाह होडीवाला यांना स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला आणि त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये आला. तरीही लेखाच्या खाली ‘पादशाहनामा’ एवढंच लिहिलेलं असतं. वाचलेला असतो एलियट आणि हवाला दिला जातो अब्दुल हमीद लाहोरीचा. मधली कडी गाळली, की साखळी तुटते.

यंत्र काय करतं

ही साखळी सांभाळण्याचं काम आज सॉफ्टवेअर करू शकतं. लेटेकवर लिहिणाऱ्या गणित-विज्ञानवाल्यांसाठी १९८५ मध्ये बिबटेक आलं. पुढे एंडनोट आलं, तेही विकत घ्यावं लागणारं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्राने झोटेरो काढलं. म्हणजे हे हत्यार इतिहासवाल्यांच्या घरातच घडलेलं आहे. ते फुकट आहे आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे. मेंडेले २००८ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं.

काम समजायला सोपं आहे. पुस्तक, लेख, पत्र, हस्तलिखित किंवा मुलाखत यांची नोंद एकदाच करायची. लेखक, वर्ष, प्रकाशक, खंड, सगळं आपापल्या रकान्यात भरायचं. लिहिताना वर्डमध्ये बटण दाबून ती नोंद निवडायची आणि पान क्रमांक टाकायचा. तळटीप तयार होते, शेवटची सूचीही आपोआप लागते. विद्यापीठाने संदर्भाची पद्धत बदलली तर प्रबंधातल्या चारशे तळटिपा हाताने बदलाव्या लागत नाहीत. इंटरनेट नसतानाही संगणकावरचा संग्रह चालतो, आणि खर्डी-कसाऱ्याकडच्या विद्यार्थ्याला ही सोय मोठी वाटेल.

पण आपल्या साधनांसाठी काही गोष्टी जपाव्या लागतात. सॉफ्टवेअर नावाचे दोन तुकडे करतं, नाव आणि आडनाव. अब्दुल हमीद लाहोरीमधलं लाहोरी हे आडनाव नव्हे, तो लाहोरचा म्हणून लाहोरी. कृष्णाजी अनंत सभासद यातलं सभासद हे पद आहे. अशा वेळी दोन रकान्यांऐवजी एकच रकाना निवडायची सोय झोटेरोत आहे, ती वापरावी. तारखांचंही तसंच. हिजरी १०४६ हे साल जून १६३६ मध्ये सुरू होऊन मे १६३७ मध्ये संपलं. त्याच काळाला मराठी कागदांत सुहूर सनाने ‘सबा सलासीन अलफ’ म्हणतील, म्हणजे सात, तीस आणि हजार, एकूण १०३७. तारखेच्या रकान्यात नुसतं १०४६ लिहिलं तर यंत्र ते इसवी सन समजून माहुलीचा वेढा सहाशे वर्षं मागे नेईल. म्हणून तिथे इसवी सन द्यावा आणि मूळ कागदावरचा सन जसाच्या तसा ‘जादा’ माहितीच्या रकान्यात ठेवावा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचा तेरावा खंड दोन भागांत आहे. भाग लिहिला नाही तर पान क्रमांक निरुपयोगी ठरतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे यंत्र रावीची चौकशी करत नाही. खोटा संदर्भ दिला तर तो तितक्याच सुबक अक्षरांत छापून देतं. आता प्रश्न विचारल्यावर उत्तर लिहून देणारी यंत्रं आली आहेत. ती अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं लेखक, वर्ष आणि पानासकट देतात. झोटेरोत टाकल्यावर त्या नोंदी खऱ्यांसारख्याच दिसतात. इस्नाद शोभिवंत आणि हदीस मौजू, असा हा नवा प्रकार आहे. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही, हाच त्यावर इलाज. कल्याणचं १८६४ चं सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी ही सगळी कसाऱ्याच्या लोकलच्या टप्प्यात आहेत.

उंबरमाळीचा कागद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी चोरलेल्या मजकुराच्या टक्केवारीवर शिक्षा ठरवल्या. साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. त्यामुळे विद्यार्थी संदर्भाकडे पोलीस चौकीसारखं पाहू लागले आहेत. त्यापेक्षा त्याकडे वतनाच्या सनदेसारखं पाहावं. ज्याच्याकडे सनद नाही त्याचा हक्क सांगून सांगून संपतो.

हे उंबरमाळीसारख्या गावांना फार लागू आहे. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १ जानेवारी १८६१ ला पोचली आणि थळ घाटातून वर जायला १८६५ उजाडलं. १८९२ मध्ये तानसाचं धरण झालं. मुंबईला पाणी देणाऱ्या या तालुक्यातल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रूळ कोणी टाकले, जमिनी कोणाच्या गेल्या, ठाकूर-कातकरी वाड्यांनी काय सोसलं, शहापूर-मुरबाडच्या बाजारांत मुसलमान व्यापारी आणि कारागीर कुठून येऊन वसले, यातलं बरंच इंग्रजांच्या कागदांत कंपनीच्या नजरेने आहे आणि बाकीचं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापली ती गावोगाव फिरून, घराघरांतली दफ्तरं पाहून. ज्या घरात दफ्तर नव्हतं, त्या घराचा इतिहास त्यांत येणं कठीण होतं.

तोंडी साक्षीलाही सनद देता येते, हे तर हदीसच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. झोटेरोत मुलाखतीसाठी वेगळी नोंद असते. सांगणारा कोण, त्याचं वय काय, त्याने स्वतः पाहिलं की आजीकडून ऐकलं, आजी कुठल्या वाडीची, ऐकणारा कोण, दिवस कुठला, ध्वनिफीत कुठे ठेवली आहे, एवढं लिहिलं तर ती मुलाखत उद्याच्या संशोधकाला तपासता येते. न लिहिलेली साक्ष सांगणाऱ्याबरोबर दफनभूमीत किंवा स्मशानात जाते.

तेव्हा पुढच्या वेळी माहुलीबद्दल, शिवरायांबद्दल, आलमगिराबद्दल किंवा आपल्याच गावच्या दर्ग्याबद्दल काही पुढे पाठवायचं झालं, तर आधी सनद विचारू. सांगणारा आपला असेल तर जरा जास्तच आग्रहाने विचारू. मुहद्दिसांनी आपल्याच माणसांची चौकशी सगळ्यात कडक केली होती.