‘ड्रोन कोणी शोधला?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

कॅमेरा उचलणारा चार पंख्यांचा ड्रोन किटमधून जोडायचा म्हटलं, की खोक्यातून काय निघतं ते आधी बघा. चार हातांचा सांगाडा, चार ब्रशलेस मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारे चार ईएससी, दोन सुलटे आणि दोन उलटे पंखे, लिथियम-पॉलिमर बॅटरी, रिमोटचा रिसीव्हर आणि काडेपेटीएवढा फ्लाइट कंट्रोलर. कॅमेरा आणि त्याला धरणारा गिंबल बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ह्याचा शोध कोणी लावला? ह्या खोक्यापुढे तो प्रश्न टिकत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा: कल्पना जुनीच होती, मग घोडं अडलं कुठे?

आणि कल्पना खरोखरच जुनी आहे. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे ह्यांनी चार रोटरांचं यंत्र माणसासकट जमिनीपासून वर उचललं. (हे रिशे म्हणजे ज्यांना पुढे १९१३ मध्ये शरीरक्रियाशास्त्राचं नोबेल मिळालं तेच. तेव्हा विषयांच्या भिंती जरा ठेंगण्या होत्या.) यंत्र उचललं गेलं खरं, पण ते कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. ही चार माणसं लक्षात ठेवा.

पुढे एतिएन एमिशाँने ४ मे १९२४ रोजी आपल्या यंत्राने एक किलोमीटरचा बंद फेरा पूर्ण केला, ७ मिनिटं ४० सेकंदांत. पण त्याच्या यंत्राला उचलणारे चार मोठे रोटर असले, तरी तोल आणि दिशा सांभाळायला आणखी आठ छोटे पंखे लावावे लागले होते. अमेरिकन लष्करासाठी जॉर्ज द बोथेझाटने बनवलेलं यंत्र १९२२ मध्ये हवेत गेलं, त्याची बरीच उड्डाणं झाली, आणि तरी लष्कराने तो नाद सोडला. उचलण्याची ताकद होती. चारही कोपऱ्यांचा तोल एकाच वेळी सांभाळणं एका वैमानिकाच्या हातापायांना झेपत नव्हतं. १९३९ मध्ये सिकोर्स्कीचं एका मुख्य रोटरचं हेलिकॉप्टर आलं आणि चार रोटरांची वाट बरीच वर्षं ओस पडली.

आता किटकडे परत या. ह्या ड्रोनमध्ये मोटारींच्या वेगाशिवाय दुसरं काहीच बदलत नाही. मागच्या दोन मोटारी जोरात फिरवल्या की नाक खाली जातं आणि ड्रोन पुढे सरकतो. समोरासमोरच्या कर्णावरची एक जोडी जोरात आणि दुसरी हळू फिरवली की तो जागच्या जागी वळतो. यांत्रिकदृष्ट्या ह्याहून सोपं उडणारं यंत्र सापडणं कठीण, पण अट एकच: सेकंदाला शेकडो वेळा कलणं मोजायचं आणि वेग दुरुस्त करायचा. हे मोजणारे जायरो पूर्वी महाग आणि जड होते. ते स्वस्त झाले ते ड्रोनसाठी नव्हे. मोटारींच्या एअरबॅगांना, मग खेळांच्या रिमोटना, मग मोबाइलना असली चिप हवी होती, म्हणून ती लाखोंनी बनू लागली.

२००९ मध्ये निन्टेंडोने ‘वी’ ह्या खेळासाठी ‘मोशन प्लस’ नावाचा जायरोचा जोड विकायला काढला. छांदिष्ट मंडळींनी तो फोडला, आतले सेन्सर आर्डुइनोला जोडले आणि त्यावर उडणारा कोड लिहिला. त्या कोडचं नाव ‘मल्टीवी’. नावातच उगम सांगणारा पुरावा इतका ठळकपणे क्वचित मिळतो. ब्रेगेच्या यंत्राला धरून उभी असलेली चार माणसं अशी एका खेळण्यातून मिळाली.

त्याच सुमारास झुरिकच्या ईटीएचमध्ये लोरेन्झ मायर हा विद्यार्थी वेगळ्याच कामाला लागला होता. कॅमेऱ्याने बघून उडणारा ड्रोन त्याला हवा होता. हाताशी योग्य ऑटोपायलट नव्हता, म्हणून आधी तोच बनवायला घ्यावा लागला. त्यातून ‘पिक्सहॉक’ उभा राहिला, आणि आज जगभर तो वापरतात. संशोधनाचा आराखडा लिहिताना असल्या आडवाटेला तुम्ही किती महिने द्याल, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. कारण आपल्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो.

कॅमेऱ्याची गोष्टही ह्याच चिपपाशी येते. छोटे कॅमेरे चित्र एकेक ओळ करून टिपतात. मोटारींच्या थरथरीने प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि चित्र जेलीसारखं हलतं. पंख्यांचा तोल साधणं आणि कॅमेऱ्याखाली रबर बसवणं हा निम्मा उपाय. ड्रोन कलला तरी कॅमेरा सरळ ठेवायचं काम गिंबलचं, आणि त्यातही तोच जायरो, तशाच ब्रशलेस मोटारी.

आपल्याकडे हे यंत्र अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं ते २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये. सिनेमात तो हॉस्टेलच्या खोलीत एकट्या मुलाने बनवलेला प्रकल्प आहे. पडद्यावरचा ड्रोन मात्र आयआयटी मुंबईतून निघालेल्या ‘आयडियाफोर्ज’च्या चमूचा होता. एकट्या शोधकाची गोष्ट सांगायला सोपी जाते, एवढंच.

किट जोडणार असाल तर वजन बघा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. वर वर्णन केलेला किलोच्या आसपास जातो, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आली. त्याहून गमतीचा दस्तऐवज फेब्रुवारी २०२२ चा आहे. परदेशी ड्रोनची आयात त्यात बंद झाली. तयार ड्रोन तर नाहीच, पण पूर्ण किंवा अर्धवट सुट्या स्वरूपातलं किटही नाही. सुट्या भागांची आयात मात्र खुली राहिली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी परवानगीची वाट ठेवली आहे. म्हणजे आपलं खोकं आख्खं मागवलं तर कायद्याच्या लेखी तो ड्रोन, आणि त्यातल्या मोटारी आणि ईएससी वेगवेगळ्या मागवल्या तर ते नुसते भाग. भारतातल्या ड्रोनवर कोणी काम करणार असेल तर विमानवाहतुकीचे नियम नंतर वाचा, आधी ही आयातीची अधिसूचना काढून बघा.