ढिल्या कायद्याची किंमत

कीटकनाशकांवर बंधने आली की फवारणीचा खर्च वाढतो, उत्पादन घटते आणि आपला शेतकरी जागतिक बाजारात मागे पडतो, असे मानण्याचा प्रघात आहे. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, तेव्हाही हाच आक्षेप पुढे आला.

आक्षेप पोकळ नाही. जुनी औषधे पेटंटमुक्त म्हणून स्वस्त असतात. त्यांची जागा घेणारी औषधे बहुधा महाग पडतात. पण स्पर्धा केवळ उत्पादनखर्चावर ठरत नाही. माल बंदरात अडकला तर स्वस्त फवारणीच सर्वांत महाग पडते.

२०१० चा द्राक्ष हंगाम आठवावा. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांचे ‘सीसीसी’, हे वाढनियंत्रक एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वापरले जाई. फळ धरते ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. तरी मण्यांत त्याचा अंश सापडला आणि युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. ‘ग्रेपनेट’ या निर्यात-द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीखाली बागांची नोंदणी होती, काढणीपूर्वी नमुनेही तपासले जात होते, पण तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. म्हणजे शेतकरी बुडाला तो नियमांच्या जाचाने नव्हे, त्यांतल्या भोकामुळे. ते भोक बुजवले गेले आणि निर्यात सावरली.

बासमतीचे उदाहरण आणखी बोलके. ट्रायसायक्लाझोल या करपानाशकाच्या अंशाची मर्यादा युरोपीय संघाने २०१७ मध्ये किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली. भारतीय तांदळाची तेथील विक्री घटली. ते औषध फारसे न वापरणाऱ्या पाकिस्तानच्या बासमतीला जागा मिळाली.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ०.०१ ही मर्यादा शास्त्र नव्हे, व्यापारातली आडकाठी आहे. शंका रास्त आहे. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप सरसकट हाच आकडा लावतो. मात्र त्याविरुद्ध दाद मागायची तर आपल्या पिकांवरच्या, आपल्या हवामानातल्या अवशेष-चाचण्यांचे पुरावे हवेत. ते कसोशीने काम करणारा नियामकच जमवू शकतो. ढिल्या नियामकाकडे ना आकडे असतात, ना पत. मग नियम परदेशी खरेदीदार घालतो आणि त्यात आपल्या शेतकऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

तेव्हा वाद कडक की सैल असा नाहीच. नियमाचा भार कुणी वाहायचा, हा आहे. बंदीआधी परवडणारा पर्याय नोंदवलेला असावा, बाजारपेठांच्या मर्यादा बदलताच त्या छाटणी-पेरणीपूर्वी गावोगाव पोचाव्यात आणि तपासणीचा खर्च एकट्या बागायतदाराच्या माथी नसावा. हे न करता नुसती बंदी लादणे अन्यायाचे आहे. पण त्या अन्यायावर उपाय म्हणून विषाला मोकळे रान मागणारे शेतकऱ्याची बाजू मांडत नाहीत. ते त्याचा बाजार घालवतात.