नवी मुंबई : मैदाने व उद्याने

ठाणे खाडीच्या पूर्वेकडील या नियोजित शहरात लहानथोर खेळतात ते प्रामुख्याने सेक्टरच्या मैदानावर. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने सेक्टर आखतानाच शाळा-बाजारांबरोबर मैदानासाठी भूखंड राखले. जगात नाव झाले ते मात्र नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचे. 2008 च्या पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तोही तिथेच. तरीही शहराची क्रीडासंस्कृती जोखायची ती सेक्टरच्या मैदानावरूनच. त्या रात्री हजारोंनी पाहिले, खेळल्या बावीसजणी. इथे संध्याकाळी एकाच मातीत तीन डाव रंगतात, एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टींमागे उभा असतो आणि कडेने आजी-आजोबा फेऱ्या मारतात.

असा विजय पाहूनच मुली बॅट हाती घेतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ती फिरवायला पायी पोचता येईल अशी मोकळी जागा लागते. नेरूळचे वंडर्स पार्क किंवा खारघरचे सेंट्रल पार्क सुटीच्या दिवसाची हौस भागवतात, रोजची नाही. भाड्याच्या टर्फवर उजेड आणि जाळी मिळते हे खरे, पण तिथे तासाचे पैसे मोजणारेच खेळतात. म्हणून मैदानाचे आरक्षण बदलण्याची सूचना निघाली, की रहिवाशांनी मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 ने तो हक्क दिला आहे.