लॉस एंजेलसमधील टोळ्यांचे भित्तिलेखन

लॉस एंजेलसमधील टोळ्यांचे भित्तिलेखन म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलस शहर व त्याच्या परिसरातील टोळ्यांनी आपले नाव, आपली वस्ती आणि आपले सदस्य जाहीर करण्यासाठी भिंतींवर केलेले लेखन होय. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या, म्हणजेच चिकानो समाजाच्या बोलीत अशा लेखाला 'प्लाका' असे म्हणतात. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ पाटी किंवा बिल्ला असा होतो. ही परंपरा न्यू यॉर्क व फिलाडेल्फिया येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या ग्राफिटीहून जुनी आहे. तेथील लेखक प्रामुख्याने स्वतःचे टोपणनाव शहरभर लिहीत असे. लॉस एंजेलसच्या प्लाकामध्ये मात्र व्यक्तीपेक्षा वस्तीचे नाव महत्त्वाचे असते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोतून आलेली अनेक कुटुंबे लॉस एंजेलस नदीच्या पूर्वेकडील बॉइल हाइट्स, माराविया यांसारख्या भागांत स्थायिक झाली. शहराच्या मोठ्या भागात घरांच्या खरेदीखतांमध्ये वांशिक निर्बंधाची कलमे असत, त्यामुळे मेक्सिकन व कृष्णवर्णीय कुटुंबांना ठरावीक वस्त्यांतच राहावे लागे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना अशी कलमे अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, परंतु वस्त्यांची विभागणी पुढेही टिकून राहिली. १९५० च्या दशकात चावेझ रविन येथील मेक्सिकन-अमेरिकन वस्ती रिकामी करण्यात आली आणि १९६२ मध्ये त्या जागी बेसबॉलचे डॉजर स्टेडियम सुरू झाले. याच काळात पूर्व भागातून द्रुतगती महामार्ग काढण्यात आले आणि जुन्या वस्त्यांचे तुकडे पडले. ज्या जागेवर कायदेशीर मालकी नव्हती आणि जी केव्हाही हातची जाऊ शकत होती, त्या जागेचे नाव भिंतीवर लिहिण्याची प्रथा या परिस्थितीत रुजली.

१९४० च्या दशकात 'पाचुको' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांचा वेगळा पेहराव आणि वेगळी बोली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये स्लीपी लगून या जलाशयाजवळ एका तरुणाचा मृत्यू झाला. या प्रकरणी ३८ व्या रस्त्याच्या परिसरातील २२ तरुणांवर खटला चालला. जानेवारी १९४३ मध्ये त्यांपैकी १७ जणांना दोषी ठरवण्यात आले. वृत्तपत्रांनी त्यांचा उल्लेख रस्त्याच्या नावावरून 'टोळी' असा केला. १९४४ मध्ये अपील न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या. दरम्यान जून १९४३ मध्ये नौदलाच्या खलाशांनी सैल व लांब 'झूट सूट' घालणाऱ्या तरुणांना रस्त्यांवर मारहाण केली. एखाद्या रस्त्याचा रहिवासी असणे आणि टोळीचा सदस्य असणे यांतील सीमारेषा तेव्हापासून वादाचा विषय राहिली आहे.

शहराच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांत १९४० व १९५० च्या दशकांत तरुणांचे रस्त्यांच्या नावांनी ओळखले जाणारे गट होते. स्लॉसन हा त्यांपैकी एक होता. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स भागात झालेल्या उठावात ३४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही वर्षांतच, १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकाच्या आरंभी, क्रिप्स ही टोळी उभी राहिली. तिच्या विरोधात १९७२ च्या सुमारास ब्लड्स हा गट संघटित झाला. कॉम्प्टन शहरातील पायरू या रस्त्याचे नाव ब्लड्सच्या अनेक शाखा आजही लावतात. निळा रंग क्रिप्सचा व लाल रंग ब्लड्सचा मानला जातो.

लेखनपद्धती

प्लाकाची रचना ठरलेली असते. मध्यभागी वस्तीचे किंवा टोळीचे नाव, बहुधा आद्याक्षरांच्या रूपात, लिहिले जाते. त्याखाली लेखकाचे टोपणनाव किंवा सदस्यांच्या टोपणनावांची यादी येते. चिकानो लेखांत त्यानंतर 'रिफा' या शब्दाऐवजी एकच 'आर' अक्षर लिहिण्याची पद्धत आहे. 'येथे आमचे राज्य आहे' असा त्याचा आशय असतो. 'पोर व्हिदा' म्हणजे 'जन्मभरासाठी' याची आद्याक्षरेही आढळतात. लेखाच्या शेवटी 'कोन साफोस' या शब्दांचे 'सी' व 'एस' हे संक्षिप्त रूप लिहिले जाते. या लेखाचा जो कोणी अपमान करील त्याच्यावरच तो उलटेल, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हे चिन्ह टोळ्यांपुरते मर्यादित नाही. चिकानो चित्रकार व लेखकही ते आपल्या कृतींवर वापरतात.

अक्षरांसाठी मुख्यतः सरळ, कोनदार मोठी अक्षरे किंवा 'ओल्ड इंग्लिश' नावाचे गॉथिक वळण वापरले जाते. हे वळण वृत्तपत्रांची शीर्षके, पदव्या व प्रमाणपत्रे यांवर आढळते. वस्तीच्या नावाला अधिकृत दस्तऐवजाची प्रतिष्ठा देण्यासाठी ते स्वीकारले गेले, असे या शैलीचे ज्येष्ठ कलावंत चाझ बोहोर्केझ यांनी म्हटले आहे. स्प्रे पेंटचे डबे सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी कुंचला, डांबर किंवा बूटपॉलिशचा बोळा वापरला जात असे.

अंकांना सांकेतिक अर्थ असतात. 'एम' हे इंग्रजी वर्णमालेतील तेरावे अक्षर असल्याने १३ हा अंक 'ला एमे' म्हणजे मेक्सिकन माफिया या तुरुंगातील टोळीशी असलेली निष्ठा दर्शवतो. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील अनेक चिकानो टोळ्या तो आपल्या नावापुढे लावतात. राज्याच्या उत्तर भागातील टोळ्या 'एन' या चौदाव्या अक्षरावरून १४ हा अंक वापरतात. १८७ हा अंक कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील खुनाच्या कलमाचा क्रमांक असून भिंतीवर तो धमकी म्हणून लिहिला जातो. १८ व्या रस्त्याची टोळी आपला अंक रोमन पद्धतीने लिहिते किंवा तीन वेळा सहा असा मांडते.

दुसऱ्या टोळीच्या नावावर काट मारणे हे उघड आव्हान समजले जाते. एखाद्या भिंतीवर एकमेकांवर मारलेल्या काटा वाढत गेल्या, तर त्या भागात तणाव वाढला असल्याचे रहिवासी ओळखतात. मृत सदस्यांची नावे असलेल्या स्मृतिलेखांना मात्र वस्तीत विशेष मान असतो.

बोली

चिकानो टोळ्यांची बोली पाचुकोंच्या 'कालो' बोलीतून विकसित झाली. कालो हे मूळ नाव स्पेनमधील रोमानी लोकांच्या बोलीचे आहे. रोमानी ही इंडो-आर्य कुळातील भाषा असून तिच्यातील 'कालो' म्हणजे काळा हा शब्द मराठीतील 'काळा' या शब्दाचा सगोत्र आहे. मुलगा या अर्थाचा रोमानी शब्द 'छावो' स्पॅनिशमध्ये आला आणि त्यापासून कालोमधील 'चावालो' हा शब्द बनला. मराठीतील 'छावा' याच मूळ शब्दाशी संबंधित आहे. चिकानो कालोमध्ये मात्र रोमानी शब्द थोडेच उरले असून तिचा मुख्य आधार मेक्सिकन स्पॅनिश व इंग्रजी हा आहे.

या बोलीत 'वातो' म्हणजे गडी, 'कार्नाल' म्हणजे भाऊ किंवा जिवलग मित्र, 'रान्फ्ला' म्हणजे मोटारगाडी, 'हुरा' म्हणजे पोलीस आणि 'कान्तोन' म्हणजे घर. 'बारिओ' म्हणजे वस्ती. भिंतीवर हा शब्द अनेकदा 'बी' ऐवजी 'व्ही' या अक्षराने लिहितात. वस्ती आणि टोळी या दोन्हींसाठी तोच शब्द वापरला जातो. लुईस वाल्देझ यांच्या 'झूट सूट' या १९७८ च्या नाटकामुळे कालो बोली रंगभूमीवर पोहोचली.

क्रिप्स व ब्लड्स यांच्या बोलीत शत्रूचे आद्याक्षर टाळण्याला महत्त्व आहे. ब्लड्सचे सदस्य 'सी' ने सुरू होणाऱ्या शब्दांत 'बी' घालतात. इंग्रजी शब्दांत 'सी' व 'के' ही अक्षरे जोडून आली तर त्यांतून 'क्रिप्सचा मारेकरी' असा अर्थ निघतो, म्हणून क्रिप्सचे सदस्य त्याऐवजी 'सी' दोनदा लिहितात. क्रिप्स एकमेकांना 'कझ' म्हणतात. ब्लड्स 'ब्लड' किंवा 'दामू' म्हणतात. 'दामू' हा रक्त या अर्थाचा स्वाहिली शब्द आहे. 'सेट' म्हणजे टोळीची स्थानिक शाखा, 'हूड' म्हणजे वस्ती आणि 'ओ. जी.' म्हणजे जुना, मान असलेला सदस्य. यांपैकी काही शब्द रॅप संगीतामुळे जगभर रूढ झाले आणि त्यांचा टोळ्यांशी असलेला संबंध पुसट झाला.

वस्ती आणि ओळख

'तू कुठला?' हा साधा प्रश्न लॉस एंजेलसच्या अनेक वस्त्यांत आव्हान समजला जातो. त्यातून पत्ता नव्हे, तर टोळी विचारलेली असते. 'मी कुठलाच नाही' हे त्याचे सुरक्षित समजले जाणारे उत्तर आहे, तरी तेही नेहमी पुरेसे ठरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅरट यांनी २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या 'हू यू क्लेम' या ग्रंथात या प्रश्नोत्तराचा अभ्यास केला आहे. टोळीची ओळख कायमची नसून तरुण प्रसंगानुसार ती सांगतात, लपवतात किंवा नाकारतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या प्रश्नाचा भार टोळीशी संबंध नसलेल्या मुलांवरही पडतो, कारण शाळेत जाताना कोणती भिंत कोणाची आहे हे त्यांनाही माहीत असावे लागते.

एप्रिल १९९२ च्या अखेरीस वॉट्समधील गृहवसाहतींतील क्रिप्स व ब्लड्सच्या गटांनी शांतता करार केला. १९४९ च्या इजिप्त-इस्रायल शस्त्रसंधीचा मसुदा त्यासाठी नमुना म्हणून वापरण्यात आला होता. त्यानंतर लगेचच शहरात मोठा उद्रेक झाला. त्या दिवसांत, एरवी एकमेकांवर काट मारणारी ही नावे भिंतींवर शेजारी शेजारी लिहिलेली आढळली.

एल साल्वाडोरमधील यादवी युद्धामुळे लॉस एंजेलसला आलेल्या निर्वासित तरुणांमधून १९८० च्या दशकात मारा साल्वात्रुचा ही टोळी तयार झाली. १९९० च्या दशकात अमेरिकेने अनेक सदस्यांना मायदेशी परत पाठवले आणि त्यांच्याबरोबर ही लेखनपद्धतीही मध्य अमेरिकेत गेली. लॉस एंजेलसमधील एका रस्त्याचा १८ हा क्रमांक अशा प्रकारे एल साल्वाडोरमधील भिंतींवर 'बारिओ १८' या नावाने उमटला.

कायदा आणि वाद

परवानगीशिवाय भिंतीवर लिहिणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. १९८७ मध्ये लॉस एंजेलस शहराने एका टोळीविरुद्ध न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. १९८८ च्या राज्य कायद्याने टोळीच्या हितासाठी केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा लागू केली. अशा खटल्यांत भित्तिलेख, गोंदण व टोपणनावे पुरावा म्हणून सादर केली जातात आणि पोलीस अधिकारी तज्ज्ञ साक्षीदार या नात्याने त्यांचा अर्थ सांगतात. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकमांची पद्धत वैध ठरवली.

वस्तीशी असलेले नाते हेच टोळीचे सदस्यत्व मानले जाते, असा आक्षेप नागरी हक्क संघटनांनी घेतला आहे. टोळी सदस्यांची नोंद ठेवणाऱ्या 'कॅलगँग' या माहितीसंचाची २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी तपासणी केली. तेव्हा नोंदणीच्या वेळी एक वर्षाहून कमी वय दाखवलेल्या ४२ व्यक्ती त्यात आढळल्या. त्यांपैकी २८ जणांनी सदस्यत्वाची कबुली दिल्याची नोंद होती. २०१८ मध्ये एका संघराज्यीय न्यायाधीशांनी लॉस एंजेलसमधील बहुतेक मनाई हुकमांच्या अंमलबजावणीस अटकाव केला.

कला, अभ्यास आणि जतन

१९७० मध्ये चित्रकार जुडिथ बाका यांनी परस्परविरोधी वस्त्यांतील तरुणांना एकत्र आणून बॉइल हाइट्समधील हॉलनबेक उद्यानात आजीचे भित्तिचित्र रंगवले. पुढे एस्ट्राडा कोर्ट्स या गृहवसाहतीतील भित्तिचित्रांतही स्थानिक तरुणांनी भाग घेतला. चाझ बोहोर्केझ यांनी १९६९ मध्ये रंगवलेल्या 'सेन्योर सुएर्ते' या कवटीच्या चित्राला परिसरातील टोळीने मृत्यूपासून रक्षण करणारे चिन्ह मानले. त्यांची 'प्लाका/रोलकॉल' ही १९८० मधील कलाकृती स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आहे.

भित्तिलेखांवर नियमितपणे रंग फासला जात असल्याने जुने लेख मूळ स्वरूपात फारसे उरलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्या अभ्यासासाठी छायाचित्रे हे प्रमुख साधन ठरते. जेरी व सॅली रोमोट्स्की यांचे 'लॉस एंजेलस बारिओ कॅलिग्राफी' हे १९७६ चे पुस्तक आणि मानववंशशास्त्रज्ञ सुसान फिलिप्स यांचा 'वॉलबँगिन' हा १९९९ चा ग्रंथ या विषयावरील महत्त्वाचे ग्रंथ मानले जातात.